भंडाऱ्याचे गोंदिया

१ मे १९९९ या दिवशी भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके आज या जिल्ह्यात आहेत. नकाशावर अशी वाटणी एका रेघेत उरकते. कागदावर ती इतकी सोपी नसते. या तालुक्यांतल्या माणसांच्या पत्त्यांत जिथे जिथे ‘जिल्हा भंडारा’ असे लिहिलेले होते, तिथे तिथे ‘जिल्हा गोंदिया’ लिहिणे आले. सोसायटीची खातेवही, बँकेचे पासबुक, दुकानाची पाटी, फार काय, लग्नाची पत्रिकासुद्धा!

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला दूर परदेशात आणखी एक गोष्ट झाली. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम नावाच्या मंडळाने ‘एक्सएसएलटी’ या संगणकी भाषेची पहिली आवृत्ती मान्य केली. तिचे संपादक होते जेम्स क्लार्क. गोंदियाशी या घटनेचा काडीचाही संबंध नाही, हे मीच आधी सांगून टाकतो. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मोठा मजेदार प्रश्न उभा राहतो. ‘भंडारा काढ आणि गोंदिया घाल’ हे यंत्राला सांगायचे कसे? आणि सांगितले तर ते बिनचूक नि लवकर व्हायचे कसे? दिवाळीच्या अंकात पाने जरा सढळ मिळतात. तेव्हा यंदा हाच एक प्रश्न घेऊन सावकाश बसू.

आधी ही भाषा काय करते ते पाहा. दिवाळीत घरोघरी फराळाचे डबे भरतात आणि शहाणी गृहिणी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावते : चिवडा, चकली, शंकरपाळे. मोठ्या डब्यात लहान डबाही असतो. संगणकातला मजकूर अशा चिठ्ठ्या लावून ठेवण्याची जी रीत आहे, तिला एक्सएमएल म्हणतात. ती १९९८ सालची. ‘व्यक्ती’ या मोठ्या डब्यात ‘नाव’ हा एक डबा, ‘पत्ता’ हा दुसरा, आणि पत्त्याच्या पोटात ‘गाव’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ असे छोटे डबे. एक्सएसएलटी ही त्या डब्यांवर काम करणाऱ्या कारभाऱ्याची भाषा. ‘अमुक चिठ्ठीचा डबा दिसला की तमुक कर,’ अशा एकेका सूचनेला तिथे टेम्प्लेट म्हणतात.

आता गंमत अशी, की या पहिल्या आवृत्तीत एक शब्द काढून दुसरा घालण्याची तयार सोयच नव्हती. ‘ट्रान्सलेट’ नावाचे एक हत्यार होते. पण ते शब्द बदलत नाही, अक्षरे बदलते. पहिल्या यादीतल्या पहिल्या अक्षराऐवजी दुसऱ्या यादीतले पहिले, दुसऱ्याऐवजी दुसरे, असा त्याचा हिशेब. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, त्याचे यंत्र तुकडे करते. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. त्या मोजणीने ‘भंडारा’ सहा चिन्हांचा आणि ‘गोंदिया’ सात चिन्हांचा. ट्रान्सलेटच्या हाती ही जोडी दिली तर भ चा ग होतो, अनुस्वाराचा ओकार होतो, ड चा अनुस्वार होतो, काना असेल तिथे द बसतो आणि र असेल तिथे वेलांटी. मी कागदावर मांडून पाहिले. ‘भंडारा’चे होते ‘गोंदिद’! आणि वाटेत बिचारा ‘भाऊ’ आला तर त्याचा ‘गदऊ’ होतो. म्हणजे जिल्हा बदलायला गेलो आणि गणगोत बदलून बसलो.

मग लोकांनी काय केले? पहिल्या आवृत्तीत तीन साधी अवजारे होती. ‘कन्टेन्स’ हे सांगते, की या मजकुरात तो शब्द आहे का. ‘सबस्ट्रिंग-बिफोर’ शब्दाच्या आधीचा मजकूर देते आणि ‘सबस्ट्रिंग-आफ्टर’ नंतरचा. एवढ्यावर काम भागते. मजकुरात ‘भंडारा’ नसेल तर मजकूर आहे तसा लिहून मोकळे व्हा. असेल तर आधीचा भाग लिहा, मग ‘गोंदिया’ लिहा, आणि उरलेल्या भागासाठी हीच सूचना पुन्हा पहिल्यापासून चालवा. टेम्प्लेट स्वतःलाच हाक मारते. याला रिकर्शन म्हणतात.

तुम्ही विचाराल, हा द्राविडी प्राणायाम कशाला? इतर संगणकी भाषांत असतो तसा ‘एक, दोन, तीन’ मोजत जाणारा फेरा का नाही? कारण या भाषेत एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही. पाटीवर लिहिले की पुसणे नाही. मोजणीचा आकडा वाढवायचा तर आधीचा पुसावा लागतो, आणि तीच मनाई. म्हणून मग नव्या पाटीवर नवा आकडा लिहून काम पुढच्याच्या हवाली करायचे.

गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव. तेव्हा पुढचा हिशेब तांदळातच मांडू. समजा, एक लाख दाण्यांचा ढीग आहे आणि दर शंभर दाण्यांमागे एक याप्रमाणे त्यात हजार खडे आहेत. पहिली बाई पहिले शंभर दाणे निवडते, खडा काढते, आणि उरलेला सगळा ढीग सुपात भरून शेजारणीकडे नेऊन ओतते. शेजारीण पुढचे शंभर निवडते आणि उरलेला ढीग तिसरीकडे नेते. अशा हजार बाया. निवडण्याचे काम एक लाख दाण्यांचेच झाले, पण वाहतूक किती झाली? प्रत्येक खेपेला सरासरी पन्नास हजार दाणे, आणि खेपा हजार. पाच कोटी! साधा प्रोसेसर नेमके हेच करतो. दर खेपेला उरलेल्या मजकुराची नवी प्रत काढतो. काम कमी, हमाली फार.

दुसरी अडचण याहून वाईट. पहिली बाई आपले दाणे देऊन घरी गेली असती तर ठीक होते. पण तिला सांगितलेले असते, ‘शेजारणीचे निवडून झाले की तिचे नि तुझे एकत्र करून मग दे.’ मग ती हात धरून उभी राहते. तिची शेजारीणही उभी, तिसरीही उभी. हजारावी बाई निवडून होईपर्यंत नऊशे नव्व्याण्णव जणी ओसरीवर ताटकळत! यंत्राची ओसरी काही मोठी नसते. ती भरली की काम अर्धवट टाकून यंत्र हात वर करते. लिबएक्सएसएलटी नावाचा पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा प्रोसेसर तर आपण होऊन काही सांगितले नाही तर ३,००० पायऱ्यांच्या खोलीवर थांबतो. मुद्दा असा, की दहा ओळींच्या नमुन्यावर उत्तम चाललेली सूचना एखाद्या मोठ्या गावाच्या यादीवर ऐन वेळी कोसळते.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे ताटकळणे बंद करणे. प्रत्येक बाईने आपले निवडलेले दाणे तिथल्या तिथे पोत्यात टाकावेत आणि शेजारणीला हाक मारणे हे आपले अगदी शेवटचे काम ठेवावे. त्यानंतर तिला करायचे काहीच उरत नाही. ती ओसरी सोडून जाऊ शकते. हाक शेवटची असेल तर सॅक्सनसारखा हुशार प्रोसेसर हे ओळखतो आणि जागा मोकळी करतो. सगळेच प्रोसेसर इतके हुशार नसतात. शिवाय ढीग वाहण्याची हमाली याने कमी होत नाही.

दुसरा उपाय अर्ध्या-अर्ध्या वाटणीचा. ढिगाचे दोन भाग करा, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन. अशा दहा वाटण्या झाल्या की १,०२४ छोटे ढीग होतात, प्रत्येकात शंभराच्या आसपास दाणे. दर वाटणीत एक लाख दाणे हलले, वाटण्या दहा, म्हणजे एकूण दहा लाख. पाच कोटींच्या जागी दहा लाख! पन्नास पटींनी हमाली वाचली. आणि ओसरीवर एका वेळी ताटकळणाऱ्या बाया हजाराऐवजी दहाबारा. शेवटच्या छोट्या ढिगात जुनी साधी रीत खुशाल वापरावी.

मात्र तांदळाचा दाणा अर्धा कापला जात नाही. शब्द कापला जातो. मजकूर बरोबर मधोमध तोडला आणि सुरी नेमकी ‘भंडा’ आणि ‘रा’ यांच्या मध्ये पडली, तर डाव्या भागात ‘भंडारा’ नाही आणि उजव्या भागातही नाही. शब्द डोळ्यांदेखत निसटतो. म्हणून मध्य गाठल्यावर तिथेच न तोडता, तिथून पुढे ओळ जिथे संपते तिथे तोडावे. नुसत्या मोकळ्या जागेवर तोडणेही पुरत नाही, कारण आपण शोधतो आहोत ते ‘जिल्हा भंडारा’ असे दोन शब्द असतील तर मोकळी जागा त्यांच्या मध्येच आहे.

एका धोक्याची पाटी इथे लावून ठेवतो. या जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. समजा, कोणी ठरवले की एका यादीत नुसते ‘अर्जुनी’ आहे तिथे ‘सडक अर्जुनी’ करावे. सूचना लिहिताना बदललेला भागही पुन्हा तपासायला दिला, तर काय होईल? ‘सडक अर्जुनी’त पुन्हा ‘अर्जुनी’ सापडते. त्याचे ‘सडक सडक अर्जुनी’ होते. मग तीन सडका, मग चार! ही सडक कुठल्याच गावाला पोचत नाही. म्हणून नियम असा, की एकदा घातलेल्या शब्दाकडे वळून पाहायचे नाही. पुढे फक्त उरलेलाच मजकूर द्यायचा. तसेच, शोधायचा शब्द चुकून रिकामा राहिला तरी हाच अनंत फेरा लागतो. कारण रिकामा शब्द प्रत्येक मजकुरात ‘आहे’ असे यंत्र मानते, आणि त्याच्या ‘नंतरचा’ मजकूर म्हणजे जसाच्या तसा सगळा मजकूर. तेव्हा पहिली तपासणी तीच करावी.

आणि नावे अनेक असतील तर लांब नाव आधी शोधावे, आखूड मागाहून. ‘अर्जुनी’ आधी बदलले तर ‘अर्जुनी मोरगाव’ पुढे सापडणारच नाही. आठ नावांसाठी आठ फेऱ्या मारण्यापेक्षा एकाच फेरीत आठही नावांवर नजर ठेवता येते. आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक या दोघांनी १९७५ साली तशी रीत छापून प्रसिद्ध केली, ती ग्रंथांच्या सूचीत शब्द शोधण्याच्या निमित्ताने.

इथवर सगळा विचार वेगाचा झाला. आता खरी मेख.

‘भंडारा’ हा फक्त जिल्हा नाही. देवळात जेवणावळ होते तोही भंडारा, आणि खंडोबाला वाहतात ती हळदही भंडारा. सगळ्या मजकुरावर आपली जलद सूचना चालवली, तर ‘देवळात मोठा गोंदिया झाला’ आणि ‘जेजुरीला गोंदिया उधळला’ अशी वाक्ये तयार होतील, तीही विजेच्या वेगाने! उलट, जिथे बदलायला हवे तिथे ही सूचना डोळे मिटून बसेल. ‘भंडाऱ्याला’, ‘भंडाऱ्यात’ या रूपांत ‘भंडारा’ ही चिन्हे सलग येतच नाहीत. ‘तिरोडा’ शोधणाऱ्या यंत्राला ‘तिरोड्याला’ सापडत नाही. आपली मराठी विभक्ती लागताना शब्दाचे अंगच बदलते. यंत्राला त्याची खबर नाही. आणखी एक. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या माणसांचा जिल्हा भंडाराच राहिला आहे. त्यांनी काय करायचे?

मला या बाबतीत एका आजीबाईंचे उत्तर आठवते. आमगावाकडच्या, वयाने सत्तरीच्या. एका कचेरीत त्यांच्या दोन कागदांचा मेळ बसेना. जन्माच्या नोंदीत जिल्हा भंडारा, राहण्याच्या पत्त्यात जिल्हा गोंदिया. टेबलामागचा तरुण भला होता, पण त्याच्यासमोरचे यंत्र ‘मेळ नाही’ म्हणून अडून बसले होते. त्याने विचारले, ‘आजी, तुम्ही भंडाऱ्याहून गोंदियाला राहायला कधी आलात?’

आजी म्हणाल्या, ‘मी तं कोठीच नाही गेली, बापा. जिल्हाच सरकला.’

अक्षरशः खरे होते. त्यांचा जन्म १९५५ चा. तेव्हा त्यांचे गाव भंडारा जिल्ह्यात आणि तो जिल्हा मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला जिल्हा गोंदिया झाला. बाई त्याच अंगणात. राज्य दोनदा बदलले, जिल्हा एकदा, आणि पुरावा मात्र बाईंनी द्यायचा!

म्हणूनच मला वाटते, की शब्द बदलण्याच्या कामातला पहिला प्रश्न ‘किती लवकर’ हा नव्हे, ‘कुठे’ हा आहे. आणि एक्सएसएलटीचे खरे बळ त्या ‘कुठे’तच आहे. ती डबा पाहून काम करते. सूचना अशी लिहावी : ‘राहण्याचा पत्ता’ या डब्यातला ‘तालुका’ हा डबा पाहा, तो त्या आठांपैकी एक असेल, तरच शेजारचा ‘जिल्हा’ हा डबा भंडारा असल्यास गोंदिया करा. जन्मस्थळाच्या डब्याला हात लावू नका. नुसत्या नावानेही फसू नका. गोरेगाव मुंबईतही आहे. आता पाहा, लाखभर अक्षरे चाळण्याचे कारणच उरले नाही. दर माणसामागे दोनतीन तुलना झाल्या की संपले. हजार बायांची ओसरीही नको आणि अर्ध्या वाटण्याही नकोत. सगळ्यांत जलद शोध तो, जो करावाच लागत नाही.

अर्थात सगळाच मजकूर असा डब्यांत नीट भरलेला नसतो. जुने अर्ज, टिपणे, पत्रे यांत पत्ता एकाच ओळीत कोंबलेला असतो, आणि तिथे मघाच्या रिती हव्याच. २००७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रिप्लेस’ हे तयार हत्यार मिळाले आणि जी करामत वीस ओळींत करावी लागे ती एका ओळीत होऊ लागली. तिचे संपादक मायकल के; मघाशी सांगितलेला सॅक्सन प्रोसेसर त्यांचाच. पण ब्राउझरांत आली ती पहिलीच आवृत्ती, त्यामुळे तिथे काम करणाऱ्यांना जुनी रीत दीर्घकाळ हाताशी ठेवावी लागली.

हे सगळे आज सांगण्याचे कारण असे, की नावे बदलण्याचे काम काही १९९९ साली संपले नाही. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. लाखो कागदांवर पुन्हा तोच प्रश्न. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तिथल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर आपली जलद सूचना चालली तर तो पोरगा बसल्या जागी महाराष्ट्रात येईल. १९७० साली औरंगाबादेत छापलेल्या पुस्तकावर त्या वेळचेच नाव राहिले पाहिजे, कारण ती त्या दिवसाची साक्ष आहे. आजीबाईंच्या जन्मनोंदीतला भंडारा हीसुद्धा तशीच साक्ष.

तेव्हा वाचकांपैकी जे कोणी कचेरीत, बँकेत, शाळेत अशा याद्या हाताळत असतील, त्यांना एवढेच सांगणे आहे. बदल करण्यापूर्वी जुनी प्रत जपून ठेवा. आधी डबा ठरवा, मग शब्द शोधा. लांब नाव आधी घ्या, आणि बदललेल्या शब्दाकडे वळून पाहू नका. आणि शेवटी, यंत्राने काय काय बदलले त्याची यादी काढून एखाद्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांखालून घाला. शक्यतो त्याच मुलखातल्या, ज्याला अर्जुनी दोन आहेत हे न सांगता ठाऊक असेल. त्यात जो एक दिवस जाईल, तो आमगावाहून कचेरीत खेपा घालणाऱ्या कोणाचे तरी चार दिवस वाचवील.